दगड डंपरचा, काच आपली. मग बिल कुणाचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही कराडला राहतो. गाडी घेऊन अडीच वर्षं झाली, पेट्रोल, ११९७ सीसी. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी उतरल्यावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि समोरच्या काचेवर चांदणीसारखा टवका उडाला. लहानच होता म्हणून दुर्लक्ष केलं. दहा दिवसांनी दुपारी उन्हात तापलेली गाडी सुरू करून एसी लावला, तर त्या टवक्यातून वीतभर तडा गेला. शोरूमने साडेचौदा हजारांचं एस्टिमेट दिलंय. गाडी घेताना ‘बंपर टू बंपर’ आहे असं सांगितलं होतं, एक्स्टेंडेड वॉरंटीचेही पैसे भरले होते. आता म्हणतात काच वॉरंटीत बसत नाही, इन्शुरन्समधून करा, फक्त तारीख कालची टाका. दीर म्हणतात पॉलिसी तीन वर्षांची आहे, काळजी नको. यजमान म्हणतात क्लेम केला तर बोनस जाईल. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा आणि एस्टिमेटचा फोटो सोबत पाठवते आहे. नक्की काय करावं?

— एक वाचक, कराड

उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही पॉलिसीचं पान पाठवलंत हे फार चांगलं केलंत. ते समोर असल्यामुळे मोघम बोलायची वेळ आली नाही. आधी एक विनंती. तडा चालवणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत असेल, तर काच बदलेपर्यंत ती गाडी हायवेवर काढू नका. समोरची काच काचेच्या दोन थरांची असते आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्यामुळे ती अंगावर कोसळत नाही, पण रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा झोत तड्यावर पडला की रस्ता दिसेनासा होतो. शिवाय गाडी उलटली तर छताला आधार देण्यात आणि शेजारच्या सीटची एअरबॅग नीट उघडण्यातही या काचेचा वाटा असतो. पैशांचा हिशेब आपण करूच, पण काच बदलायची की नाही हा प्रश्नच उरलेला नाही.

आता वॉरंटी. शोरूमच्या माणसाने काच वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं, ते तुमच्या बाबतीत खरं आहे. वॉरंटी ही कारखान्यातल्या दोषासाठी असते. काच वेडीवाकडी दिसते, तिच्यातून पाहिलं की समोरचा खांब लाटेसारखा हलतो, किंवा नव्या गाडीत बसवणी नीट नसल्याने कडेने पाणी झिरपतं, अशा गोष्टी वॉरंटीत मागता येतात. दगड लागणं हा बाहेरचा आघात. तो ना मूळ वॉरंटीत येतो, ना एक्स्टेंडेडमध्ये. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या पुस्तिकेत तर काच, रबर, वायपर, ब्रेक पॅड ही नावं बहुतेक वेळा ‘समाविष्ट नाही’ या यादीतच सापडतात.

मग ‘बंपर टू बंपर’चं काय? गाडी विकताना हे दोन शब्द सर्रास वापरले जातात, पण त्यांचा वॉरंटीशी संबंध नाही. ते इन्शुरन्समधल्या झिरो डेप्रिसिएशन (झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) या अ‍ॅड-ऑनचं चालू नाव आहे. तुमच्या पॉलिसीत ते आहे, म्हणजे कुणी फसवलेलं नाही. फक्त दोन वेगळे कागद एकाच वाक्यात सांगितले गेले आणि तुमच्या मनात एक झाले. असं फार जणांचं होतं.

तडा दगडाने गेला की काचेतच दोष होता, हे ओळखायची सोपी खूण आहे. बॉलपेनचं टोक तड्यावरून अलगद फिरवा. जिथून तडा सुरू होतो तिथे बारीक खड्डा असेल आणि टोक अडकत असेल, तर आघात झालेला आहे. खड्डा कुठेच नाही, तडा थेट कडेच्या रबराखालून निघालाय आणि टोक सरळ घसरत जातंय, तर ताणाने गेलेला तडा असू शकतो. तसं असेल तर वॉरंटीचा मुद्दा लावून धरायचा. फोटो काढायचे, अर्ज लेखी द्यायचा, एक प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेलने पाठवायची आणि वर्कशॉपने तोंडी हात वर केले तरी लेखी उत्तर मागायचं. तुमच्या काचेवर चांदणी स्पष्ट आहे, तेव्हा तो रस्ता बंद.

आता दिरांच्या बोलण्याबद्दल, कारण इथे खूप घरांत घोटाळा होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. म्हणून पॉलिसीवर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते आणि घरातले निर्धास्त होतात. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपल्या काचेसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग ‘ओन डॅमेज’. तो बहुतेकांचा एकेक वर्षाचा असतो आणि दरवर्षी वेगळा भरावा लागतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर या दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. तुमचा ओन डॅमेज चालू आहे, मी फोटोत पाहिलं. पण हे वाचणाऱ्या कुणाची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असेल, तर त्यांनी आजच ते पान काढून बघावं. मुदत संपलेली निघाली तर नूतनीकरणाआधी कंपनी गाडीची पाहणी करते, आणि त्या वेळी फुटकी असलेली काच नव्या पॉलिसीत धरली जात नाही. आणखी एक. मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर साठवलेला नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूटही, जातो.

काचेच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गाडीच्या सुट्या भागांच्या भरपाईतून घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, कापतात. रबर, प्लास्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर पन्नास टक्के, फायबरवर तीस टक्के, पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेवर मात्र घसारा शून्य. गाडी सात वर्षांची झाली तरी काचेची किंमत साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या) पॉलिसीतही पूर्ण धरतात. म्हणजे ‘झिरो डेप असल्यामुळे काच फुकट’ हे अर्धवट आहे. झिरो डेपचा उपयोग काचेभोवतीच्या रबरी बीडिंगला आणि प्लास्टिकच्या क्लिपांना होतो, काचेला नाही.

तुमचं एस्टिमेट मी ओळीने पाहिलं. काच ९८००, बीडिंग आणि क्लिपा १२००, चिकटवायचं किट १५००, मजुरी २०००, सगळं करासह. यातलं चिकटवायचं किट बऱ्याच कंपन्या ‘कन्झ्युमेबल’ (कामात वापरून संपणारं सामान) म्हणून बाजूला काढतात आणि त्यासाठी वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. तुमच्याकडे झिरो डेप आणि रोडसाइड असिस्टन्स आहे, कन्झ्युमेबल नाही. म्हणजे १५०० तुमचे. दुसरी वजावट सक्तीची, १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये (त्यावरच्या कारला २०००). ऐच्छिक वजावट तुम्ही घेतलेली नाही, ते बरं झालं. प्रीमियम कमी व्हावा म्हणून अनेकजण २५०० किंवा ५००० ची ऐच्छिक वजावट टिक करून बसतात आणि काचेसारख्या क्लेमला ती नेमकी आडवी येते. तर कंपनीकडून मिळतील अंदाजे १२,०००, तुमच्या खिशातून २५००.

आता यजमानांचा मुद्दा. तो बरोबर आहे, फक्त आकड्यात मांडायला हवा. तुमचा ओन डॅमेज प्रीमियम बोनस वजा होण्याआधी ९००० आहे आणि सध्या २५ टक्के बोनस चालू आहे. क्लेम न केल्यास पुढची पाच नूतनीकरणं ३५, ४५, ५०, ५०, ५० टक्के अशी होतील. क्लेम केला, तर शून्य, २०, २५, ३५, ४५. दोन्ही ओळींतला फरक पाहा: पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग २५, पुन्हा २५, मग १५, शेवटी ५. बेरीज १०५ टक्के. म्हणजे ९००० च्या हिशेबाने पाच वर्षांत ९४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ११,१५१. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते, तसा मूळ प्रीमियमही बदलतो, म्हणून प्रत्यक्षात नऊ-दहा हजार धरा.

म्हणजे आज १२,००० घ्यायचे आणि पुढच्या पाच वर्षांत नऊ-दहा हजार परत द्यायचे. बोनसचं नुकसान पहिल्या एकाच वर्षापुरतं मोजलं तर क्लेम फायद्याचा वाटतो. पाचही वर्षं मोजली की फायदा दोन-तीन हजारांवर येतो. एस्टिमेट देणारा अ‍ॅडव्हायझर हे गणित मांडून दाखवत नाही. त्याच्या कामाच्या हिशेबात ते नसतंच.

तेव्हा माझा सल्ला असा. पॉलिसीवरच्या ईमेलवर विमा कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘फक्त समोरच्या काचेचा क्लेम केल्यास माझा नो क्लेम बोनस जाईल का?’ काही कंपन्यांच्या पॉलिसीत काचेची दुरुस्ती बोनसमधून वगळलेली असते, काहींत काचेसाठी वेगळं संरक्षण जोडलेलं असतं. फोनवर ‘नाही जाणार मॅडम’ असं मिळालेलं उत्तर पुरेसं नाही, लेखी हवं. बोनस जात नसेल, तर बिनदिक्कत क्लेम करा. या वर्षात गाडीचा दुसरा एखादा क्लेम आधीच झाला असेल, तरीही करा. बोनस एकदा गेला की त्याच पॉलिसी वर्षात दुसऱ्यांदा जायला काही उरत नाही. फक्त झिरो डेपवर वर्षाला किती क्लेम चालतात ते बघा, बऱ्याच पॉलिसींत दोनच असतात.

बोनस जाणार असं उत्तर आलं, तर कराडमध्ये किंवा साताऱ्यात काच बसवणाऱ्या चांगल्या दुकानातून दुसरं एस्टिमेट घ्या. ते दहा हजारांच्या आत आलं, तर मी तुमच्या जागी असते तर पदरचे पैसे भरून मोकळी झाले असते आणि बोनस राखला असता. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. उद्या ही गाडी विकून नवी घेतलीत, तर पन्नास टक्क्यांचा बोनस नव्या गाडीवर नेता येतो, आणि तिथला प्रीमियम मोठा असतो. मात्र तुमच्या गाडीच्या काचेमागे आरशाजवळ कॅमेरा असता, लेन सांगणारा, आपोआप ब्रेक लावणारा, तर उत्तर उलट असतं. त्या काचा महाग, वर बसवल्यानंतर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. अशा तीस-चाळीस हजारांच्या बिलासाठी क्लेम करण्यात कमीपणा मानू नये.

तारखेचं मात्र अजिबात ऐकू नका. ‘कालची तारीख टाका’ असं सुचवणारा तुमचं काम सोपं करतोय असं त्याला वाटत असेल, पण फॉर्मवर सही तुमची असते. खडी लागली त्या दिवसाची तारीख लिहा, तडा वाढला त्या दिवसाची लिहा, मधले दिवस टवका लहान होता म्हणून थांबलो हेही लिहा. खोटी माहिती हे क्लेम नाकारायचं सरळ कारण ठरतं. उशीर तेवढ्यावरून ठरत नाही: विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे की, खरा क्लेम केवळ उशिरा कळवला म्हणून नाकारू नये. अर्थात म्हणून आणखी महिना काढू नका. क्लेम करायचा असेल तर काच काढण्याआधी कंपनीला कळवा, फोटो किंवा सर्व्हे होऊ द्या, मगच काम सुरू. आधी काच बदलून मग बिल पाठवलं, तर पाहणीसाठी काहीच उरत नाही आणि तिथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. एकट्या काचेसाठी सहसा पोलीस ठाण्यात जावं लागत नाही. चोरीसाठी काच फोडली असेल किंवा दंगलीत दगड आला असेल, तर जावं. दंगल, गारपीट, वादळ यांतलं नुकसानही ओन डॅमेजमध्ये येतं.

आणि हो, शोरूममध्ये शेजारच्या दाराचा ओरखडाही ‘याच क्लेममध्ये बसवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. वेगळी घटना म्हणजे वेगळा क्लेम.

डंपरवाल्याकडून भरपाई घेता आली असती का? कायद्याने, हो. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत धरतात. पण त्यासाठी त्याचा नंबर, खडी त्याच्याच डंपरमधून पडल्याचा पुरावा आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात खेटे घालायची तयारी हवी. साडेचौदा हजारांसाठी मी तरी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. डॅशकॅम असेल तर चित्रण जपून ठेवा, एवढंच.

कंपनीने क्लेम घेतला आणि नंतर कारण न देता रखडवला किंवा कमी पैसे दिले, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सातारा जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. नियामकाचा ‘बीमा भरोसा’ हा ऑनलाइन मार्ग आणि १५५२५५ हा फोनही आहेच.

काच कुठेही बदला, बसवायच्या आधी तिच्या कोपऱ्यातला छाप वाचा. काच बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआय चिन्हाबरोबर आयएस २५५३ हा आकडा हवा. समोरची काच लॅमिनेटेडच असायला हवी, आणि तिच्यातून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, हा नियम आहे. म्हणून दुकानदाराने गडद फिल्म ‘फ्री’ दिली तरी घेऊ नका. बिलावर दुकानाची बसवणीची हमी लिहून घ्या: पाणी झिरपलं किंवा वाऱ्याचा आवाज आला तर पुन्हा बसवून देणार. बाहेर बसवलेल्या काचेतून पाणी आत गेलं आणि वायरिंग बिघडलं, तर गाडीच्या कंपनीची वॉरंटी त्याला हात लावणार नाही. म्हणून ही एक ओळ महत्त्वाची आहे. आणि चिकट पूर्ण धरेपर्यंत किती तास गाडी हलवायची नाही, हे विचारून तेवढे तास खरोखर हलवू नका. पहिला दिवस-दोन दिवस दार जोरात आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि वॉशिंग सेंटरवर नेऊ नका.

जुन्या काचेबरोबर तिच्यावर चिकटवलेलं सगळं जातं, हे ऐनवेळी आठवतं. फास्टॅग सोलून काढला की निकामी होतो, म्हणून काच बदलायच्या आधीच बँकेकडे बदली टॅग मागवा. नाहीतर तासवडेच्या टोलनाक्यावर जादा पैसे भरावे लागतील. नवा टॅग हातात धरून दाखवायचाही नाही, काचेला न चिकटवलेले टॅग महामार्ग प्राधिकरण काळ्या यादीत टाकतं. आतल्या कोपऱ्यातलं नंबर आणि इंधनाचं रंगीत स्टिकर हाही एचएसआरपीचाच (हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचाच) भाग आहे. तेही शोरूमकडून नव्याने मागवून घ्या.

इतर वाचकांसाठी: टवका उडाला त्याच दिवशी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. नाण्याएवढा टवका, कडेपासून लांब आणि चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून दुरुस्त होतो आणि नव्या काचेच्या मानाने अगदी थोड्या पैशांत काम भागतं. तोवर तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका, गार पाणीही मारू नका. तडा वाढतो तो बहुतेक वेळा अशा वेळीच.

आणि ताई, पुढचं नूतनीकरण करताना नो क्लेम बोनस संरक्षणाचं अ‍ॅड-ऑन किती रुपयांना मिळतंय ते विचारा. तुम्हाला ३५ टक्के बोनस लागू होणार असेल, तर त्याची वर्षाची किंमत ३१५० आहे. अ‍ॅड-ऑन त्याच्या चौथाईत मिळत असेल आणि तुमचं पुण्याला जाणं-येणं असंच चालू राहणार असेल, तर घ्या.